माझी उभी शेपटी

‘सर, निळा देवमासा आपल्या पटांगणात मावेल का?’

मित्रांनो, मयुरीने भर वर्गात हा प्रश्न विचारला नसता, तर मी जन्मलोच नसतो. उषा आणि बाकीच्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की प्रेमराज सरांना असलं काही विचारायची हिची छाती नाही. सर हसले नाहीत. हातात टेप देऊन म्हणाले, ‘मोज.’ पटांगण कमी पडलं. खऱ्या देवमाशाची शेपटी फाटकातून थेट रस्त्यावर आली असती! मग काय, मयुरी पेटलीच. निम्म्या मापाचा का होईना, देवमासा मी करून दाखवते, असं सगळ्यांसमोर बोलून बसली.

तोच मी. त्याआधी मी केळीच्या घडांवर चढवायच्या ढीगभर निळ्या पिशव्या होतो. थंडी आणि पानांचं घासणं आम्ही घडांऐवजी स्वतःच्या अंगावर घेतलं. कापणी झाली, की आमच्यासारख्यांना बांधावर नेऊन पेटवतात. मयुरीने मैत्रिणींसोबत वावरावावरातून आम्हाला गोळा केलं, हौदात धुतलं, आणि तिच्या आईने, कुंदाबाईंनी, शिलाई मशीनवर जोडलं. अजूनही माझ्या पोटावर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. तोंडाशी घरच्या कूलरचा पंखा लावला, की मी फुगतो. काय ते फुगणं! पंखा बंद, की पोळीसारखा सपाट.

मला अंगणवाडीत नेलं, तेव्हा मुलं थेट पोटात शिरली. मयुरी सांगत सुटली. खरा देवमासा जवळजवळ तीन एस.टी. गाड्यांएवढा लांब. त्याची जीभच हत्तीएवढी जड. आणि खातो काय, तर बोटाएवढे कोळंबीसारखे जीव! मुलं आतून मला बुक्क्या मारत होती आणि मला ते फार आवडत होतं. फक्त छोटा दिवल्या बाहेर, शेपटीशी थांबला होता.

‘ताई, हाऊ मासा शे का?’ हा मासा आहे का, असं त्याने अहिराणीत विचारलं.

‘हो. जगातला सगळ्यात मोठा मासा,’ मयुरी ऐटीत म्हणाली.

आता तिने तरी शेपटी कशी बेतायची? समुद्र आमच्याकडे कोणी पाहिलाय? झुलालमामा पाटीतून तापीचे मासे विकायला आणतात, ते तिने निरखले आणि तशीच उभी शेपटी मला लावली होती.

नंतर तिने वाचलं, की देवमासा हा मासाच नाही. तो तुमच्यासारखा हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. श्वासासाठी त्याला सारखं पाण्याच्या वर यावं लागतं. म्हणून त्याची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. त्या दिवसापासून मयुरी माझ्याकडे बघेना. घडी होऊन मी कापसाच्या खोलीत पडलो. पण स्वस्थ कसा पडणार? दाराच्या फटीतून वारा आला, तरी माझं एखादं टोक उठायचं. बाहेर गल्लीत दिवल्या पोरांना ओरडून सांगायचा, ‘देवमासा मासाच शे, ताईनी सांगं!’ ते ऐकून मी आणखी चुरगळायचो.

आज वेचणीचा कापूस घरी आला. मयुरीचे वडील, जीवरामभाऊ, खोलीत आले आणि माझ्या घडीवर पाय ठेवून म्हणाले, ‘कापूस ठेवाले जागा नही. हाऊ मासा बांधवर लई जासू नि पेटाडी देसू.’ मला पेटवून द्यायला कुंदाबाईंनीही होकारार्थी मान हलवली. मयुरीची परीक्षा तोंडावर आली होती.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं, तर म्हणालो असतो, चुकलेली वस्तू जाळून टाकणं सोपं आहे. पण त्या वस्तूने जे शिकवलं ते पोरांच्या डोक्यात तसंच राहतं. ते कुठल्या बांधावर नेऊन जाळणार? आधी मला नीट करा, मग हवं ते करा.

तेवढ्यात मयुरी कात्री घेऊन दारात उभी राहिली. घरात ती अहिराणीच बोलते. तिने शाळेची भाषा काढली, की घरचे सावध होतात.

‘पप्पा, पाय काढा त्याच्यावरून. कापूस माझ्या खोलीत भरा, मी ओसरीवर झोपेन. आई, मला मशीन लागेल. आज मी याची शेपटी उसवून आडवी करणार. आणि सोमवारी अंगणवाडीत जाऊन सगळ्यांसमोर दिवल्याला सांगणार, की हा मासा नाही, ताई चुकली होती.’