मामाच्या खिशातला फोन

तिथे रात्र होती, इथे भर दुपार. सिनेमागृहाच्या दाराशी लावलेल्या पोस्टरवर ऑपेराच्या नावाखाली ‘थेट प्रक्षेपण’ असं ठळक छापलं होतं. त्याखाली बारीक अक्षरात गाणाऱ्यांची नावं होती. त्यातल्या एका नावापाशी आईने बोट टेकवलं आणि मग ती आत गेली.

ते तिच्या मुलीचं नाव; घरात तिला भिंगरी म्हणत. गेल्या वर्षी तिच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली होती. पुन्हा जोर लावून इजा झाली तर आवाज परत येईल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यानंतरची ही तिची पहिली मोठी भूमिका. शेवटच्या प्रवेशात एक फार वरचा सूर होता. तालमीत तो कधी लागतो, कधी नाही, असं तिने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. ऐन वेळी खालचा सूर घ्यायची मुभा होती, पण तो घेतला की जाणकारांना लगेच कळतं. आई शिवणकाम करायची. ती पटकन बोलून गेली की अर्धवट शिवलेला कपडा मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला दिलेला नाही. फोन ठेवल्यापासून ते वाक्य तिलाच टोचत होतं.

शेजारी मामा होता, आईचा धाकटा भाऊ. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. धोका दिसला की कुठेही बसलेला असो, त्याचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. पहिल्या अंकात त्याने पुढची खुर्ची इतकी ढकलली की तिथल्या बाईंनी मागे वळून विचारलं, गाडी उतारावर आहे का?

मध्यंतरात कॉफीची रांग दारापर्यंत गेली. आईची घाई बघून मॅनेजर म्हणाला, सावकाश घ्या, तुम्ही बसल्याशिवाय पडद्यावर काही सुरू होत नाही. तो थट्टा करतोय असं आईला वाटलं.

शेवटच्या प्रवेशात भिंगरी निळा झगा सावरत पायऱ्या उतरली. झगा कमरेत तंग होता. प्रत्येक श्वासाला शिवण ताणली जात होती आणि आईची नजर त्या शिवणीवर खिळली होती. गाणं हळूहळू वर चढायला लागलं. मामाचा पाय खाली दाबला गेला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला.

बंद करायला म्हणून त्याने तो बाहेर काढला. फोनवर नाव होतं, भिंगरी.

आईने फोनकडे पाहिलं, मग समोर. समोर भिंगरी गात होती.

मग तिला मॅनेजरचं बोलणं आठवलं. ती थट्टा नव्हती. कॉफीची रांग संपेपर्यंत त्याने कार्यक्रम यंत्रात साठवत ठेवला होता आणि लोक बसल्यावर थांबवल्या जागेपासून पुढे लावला होता. म्हणजे तिथे सगळं आटोपलं होतं. सूर लागला होता, किंवा नव्हता.

आणि फोन मामाला आला होता. ही भिंगरीची लहानपणापासूनची रीत. बक्षीस मिळालं की आधी आईला सांगायचं, फजिती झाली की मामाला. कारण आई पहिल्यांदा विचारायची, कुठे चुकलं? मामा विचारायचा, जेवलीस का?

फोन तीच करतेय की तिच्या फोनवरून दुसरं कोणी, हेही कळायला मार्ग नव्हता. मामाने बाहेर जाऊन घेतो अशी खूण केली. आईने त्याचं मनगट धरलं.

“थांब. आधी मला बघू दे.”

“ताई, झालंय ते. आता बघून काय बदलणार आहे?”

“बस म्हटलं ना.”

फोन थांबला आणि पुन्हा थरथरू लागला. पडद्यावर भिंगरीने खोल श्वास घेतला. शिवण ताणली गेली. वाद्यं एकेक करून गप्प झाली. तिने मान वर केली आणि आईला तिच्या गळ्याची शीर फुगलेली दिसली. तोंड उघडलं, पण सूर आला नाही. मामाचा पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला होता.

मग भिंगरीने मान खाली आणली आणि खालचा सूर घेतला. तो भरीव होता, आणि तिने तो अजिबात हलू दिला नाही.

तिथल्या प्रेक्षागृहात आधी शांतता पसरली, मग टाळ्या आल्या, तुरळक. इथे मात्र लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाई तर उभ्या राहिल्या. आईने मामाच्या हातातला फोन काढून घेतला, अंधारात लोकांचे पाय तुडवत ती बाहेर आली आणि फोन घेतला.

“मामा, किती वेळ लावतोस रे,” भिंगरी म्हणत होती. आवाज थकलेला होता, पण स्वच्छ होता. “मी खालचा घेतला. आईला तूच सांग. हळूहळू सांग.”

आई भिंतीला टेकली.

“जेवलीस का?” तिने विचारलं.

मग भिंगरी हळूच म्हणाली, “आई, विचार ना. कुठे चुकलं ते.”

“आधी जेव,” आई म्हणाली. “मग विचारते.”