चतुःसीमा

झरीच्या बन्सीधरला दिवाणी कोर्टाचा दांडगा अनुभव होता. म्हणजे दावा एकच, पण एकोणीस वर्षांचा. शेजारच्या महारुद्रने ट्रॅक्टर घालून त्याचा हातभर बांध कोरला होता. तारखेला बन्सीधर इस्त्रीचा सदरा घालायचा, आणि गावात कुणाला नोटीस आली की न विचारता सल्ला द्यायला पोचायचा.

परभणीच्या वकीलबाई सुमंगला म्हणाल्या, "ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला चालूच राहील. पण कंपनीवर वेगळा दिवाणी दावा करता येईल." दिवाणी हा शब्द ऐकताच बन्सीधर खुर्चीत सावरून बसला.

शेजारी लेक राजेश्री होती. ती पुण्यात नोकरीला असताना अ‍ॅपवरून बोलावलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने तिच्यावर हात टाकला होता. त्याला अटक होऊन तो तुरुंगात गेला. राजेश्री गावी परतून चार महिने घरात बसून होती. गाडी पाठवणाऱ्या कंपनीने जाब द्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. बापाला मात्र ते नको होतं. अब्रू चव्हाट्यावर कशाला, असं त्याचं मत. आजही तो आला होता तो वकीलबाईंनी नाही म्हणावं म्हणून.

"पर बाई, ह्याच्यात जमीन कुटं हाय?" त्याने विचारलं.

"जमीन नाही, काका. नुकसानभरपाई. या ड्रायव्हरची आधीही एकीने तक्रार केली होती, तरी कंपनीने त्याला ठेवलं. आता म्हणतात, तो आमचा नोकरच नाही, भागीदार आहे."

बन्सीधर ताडकन उठला. "आसंच म्हणायलाय महारुद्र, एकोणीस वर्षांपासून! ट्रॅक्टर भाड्याचा, डायवर दुसऱ्याचा, मला काई म्हाईत न्हाई! आवो, पर काम कुणाचं चालू व्हतं?"

"आबा, बसा की," राजेश्री म्हणाली.

तो बसला आणि अडखळत म्हणाला, "आन् पोरीचं नाव?"

"ते उघड होऊ नये म्हणून आधीच अर्ज देऊ."

"मंग लिहा!" आता त्याला आवरणं कठीण होतं. "पयली चतुःसीमा लिहा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. त्याबिगर दावा उभाच ऱ्हात न्हाई. आमचा पयला वकील इसरला, दोन वर्षं वाया गेली."

राजेश्री फिस्सकन हसली. चार महिन्यांत पहिल्यांदाच. मग तिने डोळे पुसले.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "पूर्वेला मी, पश्चिमेला मी. दक्षिणेला मी, उत्तरेला बी मीच."

हातभर मातीसाठी बन्सीधरने एकोणीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि लेकीला चार महिने गप बस म्हणत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

राजेश्रीने वकीलपत्रावर सही केली.

"तारखेला मी येतो संगं," तो हळूच म्हणाला. "एक शब्द बोलणार न्हाई."

राजेश्रीने पेन वकीलबाईंच्या हातात दिलं.

"हे बी लिहून घ्या, मॅडम."