गृहपाठातलं सातवं पान

वॉर्डातल्या सगळ्यांची ती मावशी. बेडपॅन उचलण्यात अठरा वर्षं गेली आणि आता कंबर कुरकुरायला लागली होती. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकुनाची जागा रिकामी होणार होती, पण त्याला पदवी हवी. म्हणून मावशीनं घरबसल्या, पोस्टानं बी. ए. करायला घेतलं आणि बघता बघता तिसऱ्या वर्षाला पोचली.

पोचली म्हणजे काय, सगळे पोचतात तशीच. रविवारी तास व्हायचे त्या अभ्यासकेंद्रातला शिपाई कुणी परत न नेलेल्या जुन्या गृहपाठाच्या वह्या काढून द्यायचा आणि मंडळी त्या जशाच्या तशा उतरवायची. "तपासणारे पहिलं पान बघतात, शेवटचं बघतात, अन् मधलं हातानं तोलतात," तो म्हणायचा. मावशीनंही चादरींच्या गठ्ठ्यावर वही टेकवून एका दुपारी 'कुटुंब ही समाजाची मूलभूत संस्था' हा नऊपानी गृहपाठ हाणला. दहापैकी आठ मिळाले. शेरा होता, छान.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिनं तो पहिल्यांदा वाचला. सातव्या पानावर, कुटुंबाच्या कार्यांच्या ऐन मधोमध, तिच्याच गोल अक्षरात लिहिलेलं होतं: "सर, तुम्ही हे वाचत असाल तर रविवारच्या तासाला मला विचारा, घरी सगळं ठीक आहे ना. मी हो म्हणेन. तरी पुन्हा विचारा."

हे आपण लिहिलं आणि आपल्याला पत्ताच नाही! त्या दिवसापासून चादरींच्या घड्या घालताना ते वाक्य कानाशी यायचं. कुणी सहज "काय मावशी, ठीक ना?" म्हटलं तरी ती दचकायची.

शेवटी तिनं शिपायाला गाठलं. "कुणीतरी चेष्टा केली असेल हो," तो म्हणाला, पण गठ्ठे काढून दिले. पाच वर्षांच्या पाच वह्या, पाच हातांची अक्षरं, आणि प्रत्येकीत तेच वाक्य. एकीत तर त्याच्या शेजारी लाल शाईची बरोबरची खूण. सगळ्यात जुन्या वहीत त्या वाक्याला लागूनच, पानाच्या मध्यावर, 'कृ. मा. प.' असं होतं. कृपया मागे पहा हे पानाच्या तळाशी लिहितात, मध्यावर नाही. लिहिणाऱ्यानं डोळे मिटून तेही उतरवलं होतं. दोघं खो खो हसली. मग हसू विरलं. म्हणजे हीसुद्धा नक्कलच. मूळची वही केव्हाच रद्दीत गेली होती.

"तास घेणाऱ्या सरांकडे जुनी रजिस्टरं आहेत," शिपाई हळूच म्हणाला. "तेव्हाच्या बायकांची नावं, पत्ते मिळतील. पण मावशी, सांगणार काय? मी बघून लिहिलं म्हणून? गृहपाठ रद्द, वर्ष गेलं, जागाही गेली."

तरी ती सरांच्या दारापर्यंत गेली. सरांनी मान वर केली. "काय काम होतं?"

"काही नाही, सर. परीक्षेची तारीख विचारायची होती."

तारीख तिला पाठ होती. बाहेर जिन्यावर ती बराच वेळ कठडा धरून उभी राहिली. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

मावशी पास झाली. जागा मिळाली, बसायला खुर्ची मिळाली, वॉर्डातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. रेकॉर्ड रूममध्ये जुने केसपेपर छतापर्यंत रचलेले आहेत आणि ते वर्षवार लावणं हे तिचं काम. बायकांच्या कागदांवर कारणं ठरलेली: जिन्यावरून पडली. स्टोव्हनं भाजली. औषध समजून भलतंच प्यायली. खाली नातेवाइकाचा जबाब, घरी सगळं ठीक होतं.

बाईचा कागद आला की मावशीचा हात अडतो. पेशंटनं स्वतः काही लिहिलंय का, सही केलीय का, ते ती आधी बघते. उजेडात धरून अक्षर न्याहाळते, हीच का ती, म्हणून. पण ताडून बघायला तिच्याकडे काही नाही. ते वाक्य तिला दिसतं ते फक्त तिच्या स्वतःच्या अक्षरात.