ठरलेली फायनल

हात मिळवायला म्हणून मी हात पुढे केला, आणि सिस्टरनं हात सोडून माझी बाहीच धरली.

आधी वाटलं, मस्करी करतेय. पंचांनी ‘सुरू’ म्हटलं होतं, कबूल. पण आमच्या जुजुत्सूच्या हॉलची रीत आहे, स्पर्धेच्या फायनलला आपल्याच दोघी आल्या तर लढायचं नाही. हात मिळवायचा, हॉलमध्ये मागून आलेलीनं पंचांना ‘माघार’ सांगायचं, आणि सुवर्ण आधी आलेलीला. घरच्या घरात हात मोडायचे नाहीत, असं आमचे सरच सांगत आले. सिस्टर म्हणजे आमच्या हॉलमधली नर्स, सगळे तिला तेच म्हणतात; तिला तर पहिलं पडणं मी शिकवलेलं. म्हणून मी अंग ढिलं सोडून, गुडघे सरळ ठेवून, वर हसत उभी होते. हसत, बरं का! कुणी व्हिडिओ काढला असेल तर त्यात मी अगदी लग्नाला आल्यासारखी दिसत असेन.

तिनं बाही खाली ओढली, माझ्या कमरेवर पाय रोवला आणि स्वतः पाठीवर पडता पडता मला पुढे खेचलं. मी तोंडावर गेले. “अगं, काय करतेस?” असं मी चक्क बोलले. लढतीत कुणी बोलत नाही, मी बोलले. तोवर तिची पोटरी माझ्या गालावर, माझा उजवा हात तिच्या मांड्यांत, आणि तिनं कंबर उचलली. कोपर उलट्या बाजूला वळायला लागलं. मी तिच्या पायावर दोनदा थाप मारली. थाप मारली की ‘हरले, सोड’. तिनं लगेच सोडलं. तेवढी शिस्त होती बाईत.

उठल्यावर मी पहिल्यांदा मॅटच्या कडेच्या खुर्चीकडे बघितलं. तिथं सर बसतात. आता ताडकन उठतील, तिला सगळ्यांसमोर झापतील, असं मला वाटलं. सर बुटाची नाडी बांधत होते. ती सुटलीच नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

मी एका बेकरीत कामाला आहे. पहाटे कणिक मळायच्या यंत्रापाशी उभी राहते, दुपारी सुटते. पूर्वी एकदा तिथल्या गोदामात मैद्याच्या गाडीवाल्यानं माझी वाट अडवली होती. पुढे काही झालं नाही, कुणीतरी आलं. पण माझ्या तोंडातून आवाज फुटला नव्हता, ते मला फार लागलं. त्यानंतर मी हा हॉल शोधला. सरांनी पहिल्याच दिवशी मॅटवर बसवून गोष्ट सांगितली, की जपानहून एक पहिलवान जहाजानं ब्राझीलला गेला, तिथल्या एका घरातल्या मुलांना त्यानं ही विद्या दिली, आणि त्यातला सगळ्यात किरकोळ पोरगा, ज्याला कुणालाच उचलता येत नव्हतं, त्यानं तरफेच्या तत्त्वावर त्या विद्येची अख्खी मांडणी बदलली. “ताकद समोरच्याचीच वापरायची, ताई. खाली पडलात म्हणजे हरलात असं नाही. पाठीवर पडून, समोरच्याला पायांत धरून, शांत श्वास घेत बसायचं. तो थकतो, आपण नाही.” मला ते इतकं पटलं की घरी येऊन नवऱ्याला रात्रभर तेच ऐकवलं. तो म्हणाला, “भांडायला घरात हक्काचा माणूस असताना बाहेर पैसे भरून कशाला जातेस?”

पुढे बायकांचा वर्ग मीच उभा केला. अंगावर कुणी बसणार म्हटल्यावर बायका लाजून लाल होतात. त्यांना हसवत हसवत आधी पडायला शिकवायचं, मग कंबर सरकवून खालून निसटायला, मग गळा वाचवायला. मॅट पुसायची मीच, कुणाच्या पाळीच्या दिवसांत उशीर चालवून घ्यायची मीच, कुणाच्या सासूला फोनवर समजवायची तीही मीच. सर नवा हॉल काढणार होते. तिथला बायकांचा वर्ग पगारी होणार होता, आणि यंदा जिला सुवर्ण मिळेल तिला तो द्यायचा असं त्यांनी जाहीर केलं होतं. मला ती पहाटेची यंत्राची घरघर सोडायची होती. आम्ही दोघी फायनलला आलो त्या संध्याकाळी मी बेकरीच्या मालकाला फोन करून सांगूनही टाकलं, दुसरी बाई बघा म्हणून. काय ती घाई!

फायनलच्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत सिस्टरनंच माझी वेणी घातली. इस्पितळातली नर्सच ती, बोटं हलकी. “ताई, आज तुझा दिवस,” म्हणाली. केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. “सर, हे काय होतं?”

“लढत होती, ताई. मॅट खोटं बोलत नाही.”

“मॅट नाही बोलत. तुमचं काय?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “नव्या हॉलमध्ये ज्यांचे पैसे आहेत त्यांना लढून मिळवलेलं पदक हवं होतं. माघारीचं चालत नाही म्हणाले. आणि ती तरुण आहे, चार लोकांत बोलते. वर्ग तिचा, पण तुम्ही मदतीला पाहिजेच. तुमच्याशिवाय कसं होईल?”

“लढायचंच होतं तर मला सांगायला तुमची जीभ झडली होती का?”

एवढं मी सरांना बोलले. आयुष्यात पहिल्यांदा.

“गाफील राहायचं नाही, हाच तर आपला पहिला धडा,” सर म्हणाले. म्हणजे माझा विश्वास हा माझा गाफीलपणा! बाहेरच्या माणसासमोर सावध राहायला शिकवलं होतं या माणसानं. घरातल्यांचं काय करायचं ते कधी शिकवलं नव्हतं.

खोलीत सिस्टर बाकावर बसली होती. पदक पिशवीत टाकलं होतं तिनं, गळ्यात नव्हतं.

“कधीपासून ठरलं होतं?” मी विचारलं.

“गेल्या आठवड्यात. सर म्हणाले, दोघी फायनलला आलात तर लढायचं, पण तुला सांगायचं नाही.”

“आणि तू मूग गिळून बसलीस. माझ्या केसांना हात लावताना काही वाटलं नाही?”

“वाटलं ना.”

“मग बोलायचं होतंस! लढलो असतो दोघी. एवढी वर्षं रोज लढतोय, आज लढलो असतो. हरले असते तर मीच तुला खांद्यावर घेऊन नाचले असते.”

तिनं पट्ट्याची गाठ सोडली. मग म्हणाली, “तू हरली नसतीस, ताई.”

“काय?”

“सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस. सरांनाही माहीत होतं, मलाही. म्हणून नाही सांगितलं.”

मला वाटलं होतं ती काहीतरी सबब सांगेल, रडेल, पाया पडेल. मी त्याची उत्तरं तयार ठेवली होती. मी पिशवी उचलली आणि निघाले. तिच्याकडे बघवत नव्हतं.

घरी नवऱ्यानं कोपराला बर्फ बांधला. एकही विनोद केला नाही, त्यावरूनच माझं तोंड कसं झालं असेल ते मला कळलं. “नको जाऊस पुन्हा तिथं,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी बेकरीच्या मालकापुढे खाली मान घालून उभी राहिले. तो भला माणूस, म्हणाला, “बरं झालं, मला तरी कुठे बाई मिळत होती.” पावांचे ट्रे डाव्या हातानं उचलले.

मग वर्गातल्या बायकांचे फोन सुरू झाले. मावशी, नव्या हॉलला येताय ना? मावशी, तुम्ही नसाल तर माझा नवरा पाठवणार नाही. मी म्हटलं, न यायला काय झालं? मी काय चोरी केलीय? ज्यांनी केली ते ताठ मानेनं फिरतायत. नवरा डोक्याला हात लावून बसला, मी गेले.

नव्या हॉलच्या मॅटला अजून रबराचा वास होता. सिस्टर पुढे उभी, आयत्या बिळावर नागोबा. मी रांगेत शेवटी उभी राहिले. माझ्यावर नजर गेली तशी ती बोलता बोलता अडखळली. तिनं नेमका कोपराचाच डाव शिकवायला घेतला, मुद्दाम की घाबरून, तिचं तिला माहीत. माझ्या वाट्याला एक अगदी नवी बाई आली. कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसते म्हणाली. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून बसली होती.

“दे हात,” मी म्हटलं.

“मोडणार नाही ना?”

“दोनदा थाप मारायची. मी सोडते.”

“आणि नाही सोडलंत तर?”

ती मोठ्यानं बोलली. बाजूच्या बायका थांबल्या. सिस्टरही बघायला लागली. काय सांगू हिला? इथं कुणावर विश्वास ठेवू नकोस, केस बांधणाऱ्यावर तर मुळीच नाही, असं सांगू? माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ती बिचारी हात धरून बसलेली, गोदामातल्या त्या प्रकारानंतर हॉलवर पहिल्यांदा आले तेव्हा मीही अशीच बसले होते. शेवटी मी मॅटवर आडवी झाले आणि उजवा हात तिच्याकडे दिला. सुजलेला होता, पण बाहीत दिसत नव्हता.

“आधी तू माझा धर. मी थाप मारीन, तू सोडायचं. बघ किती सोपं आहे.”

तिनं दोन्ही हातांनी मनगट धरलं, मी सांगितलं तसा पाय टाकला आणि नको तितक्या जोरात कंबर उचलली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी थाप मारली. तिनं चटका बसल्यासारखा हात सोडला.

“दुखलं का हो?” ती घाबरून म्हणाली. “खरं सांगा, दुखलं ना?”

फायनलपासून आमच्या हॉलमधल्या एकाही माणसानं मला हे विचारलं नव्हतं. सिस्टर अजून तिथंच उभी होती, आणि मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

“छे गं,” मी म्हटलं. “छान सोडलंस. आता परत धर, आणि कंबर हळू उचल.”