शुक्रवारची स्वस्त बस

ओमोआच्या समुद्रकिनारी वाळूत आईने प्लास्टिकची खुर्ची पाण्यापासून चांगली लांब ओढून घेतली आणि एप्रन सावरून बसली. म्हणाली, "आज गुड फ्रायडे. आज जो पाण्यात उतरतो त्याचा मासा होतो. तू जा. मी इथून बघते."

मला असा संताप आला! सान्ता बार्बाराच्या बाजारात या बाईने, म्हणजे आमच्या आईने, जन्मभर मक्याच्या भाकऱ्या थापल्या. डोन्या त्रान्सितोच्या भाकऱ्या म्हटलं की सगळं गाव तिला ओळखतं, पण तिने कधी समुद्र पाहिला नव्हता. मी शर्टांच्या कारखान्यात बाह्या शिवते. रजा मिळते ती याच आठवड्यात. शेजारचे डॉन वेन्सेस्लाओ दरवर्षी शाळेची जुनी बस भाड्याने घेऊन लोकांना समुद्रावर नेतात. शुक्रवारचं तिकीट निम्म्यात असतं, कारण देवभोळी माणसं त्या दिवशी घर सोडत नाहीत. आईचं हृदय दमलंय, डॉक्टर पुढच्या वर्षाचं काही बोलत नाही. म्हटलं, एकदा तिचे पाय समुद्रात भिजू देत. ती नुसतं बघायला येते म्हणाली, तेव्हा मला वाटलं, तिथे गेल्यावर विरघळेल. कसलं काय!

नारळाचा पाव विकणारी एक बाई टोपली घेऊन आमच्याजवळ टेकली. ती आईला म्हणाली, "आजी, मी जन्मल्यापासून या पाण्यात आहे. मला एक तरी खवला फुटला का?" आई हसली, पाव घेतला, पण खुर्ची सोडेना. चार वाजता बस सुटायची होती आणि दुपार तर कलली होती. शेवटी माझी जीभ सुटली. सगळ्यांसमोर म्हटलं, या वयात मासा झालीस तरी तुला विकत कोण घेणार? बसमधली सगळी मंडळी खो खो हसली. आई हसली नाही.

मंडळी पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "चायो गेली होती पाण्यात. उलुआ नदीत. अशाच शुक्रवारी."

चायो म्हणजे माझी मावशी. लहानपणीच गेली एवढंच आम्हाला ठाऊक होतं, कशी ते कधी कुणी सांगितलं नाही. आई म्हणाली, ती सापडलीच नाही. आजीने आईला जवळ घेऊन सांगितलं होतं, रडू नकोस, तिचा मासा झालाय.

"मला खरं वाटलं," आई म्हणाली. "अजून वाटतं."

घरात मासे शिजले की ही अंड्यावर का भागवते, ते मला त्या वाळूत बसून कळलं. इतकी वर्षं आम्ही तिला नखरेल म्हणून चिडवत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मग तिने विचारलं, "नोएमी, आपली उलुआ पुढे कुठे जाते गं?"

"इथेच की. त्या टोकाच्या पलीकडे समुद्राला मिळते."

आईने मान वळवून त्या टोकाकडे पाहिलं. डॉन वेन्सेस्लाओंनी पहिला हॉर्न दिला, लोक ओले कपडे पिळत बसकडे निघाले. आई उठली. मला वाटलं, तीही निघाली. पण तिने चपला काढल्या आणि ती सरळ पाण्याकडे चालायला लागली.

"आई, मासा होशील," मी म्हटलं. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

"झाले तर झाले. पुष्कळ वर्षं बाई म्हणून काढली."

ती गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. मी डॉन वेन्सेस्लाओंना थांबा म्हणून हात केला आणि चपलांसकट तिच्या मागे धावले. ती वाकली होती. चुलीने भाजलेले ते दोन्ही हात तिने कोपरापर्यंत पाण्यात घातले होते.

"कोमट आहे गं," ती म्हणाली. "म्हणजे तिला थंडी वाजत नसेल."