देऊळ जुनं कुणाचं?

माझा साखरपुडा झाला आणि लग्न अडलं. हुंड्यावर नाही, पत्रिकेवर नाही, दगडावर. जामखेडकडच्या आमच्या दोन्ही गावांत महादेवाची जुनी देवळं आहेत. लग्न त्यातल्या जास्त जुन्या देवळापुढं लावू, असं होणारे सासरे आबासाहेब म्हणाले. माझे वडील भागवतदादा यांना आपल्या देवळाची एवढी खात्री, की त्यांनी तिथल्या तिथं मान डोलावली.

आमच्या देवळाची पाटी म्हणते 'शके १०१०', त्यांची म्हणते 'इसवी सन १०८८'. आकडा लहान, म्हणजे देऊळ थोरलं. "अठ्ठ्याहत्तर वर्सांनी आमी थोरलं!" म्हणत दादांनी पेढे वाटले. मी जामखेडच्या कॉलेजात इतिहास शिकवते, पण लग्नाच्या मुलीला विचारतंय कोण!

आठवड्यात आबासाहेबांनी नवी पाटी रंगवून आणली, 'चालुक्य विक्रम वर्ष १३'. तेरा! एरंडेल प्यायल्यासारखं दादांचं तोंड झालं. मग त्यांनीही शोधाशोध केली. विक्रम संवत ११४५ निघालं, कलियुगाचं ४१८९ निघालं. आकडा वाढत गेला, तसे दादा खचत गेले.

शेवटी मीच सगळ्यांना आमच्या ओसरीवर बसवलं. "शके १०१० म्हणजेच इसवी १०८८. तेच संवत ११४५ आणि चालुक्य राजाच्या काळगणनेतलं तेरावं वर्षही तेच. दोन्ही देवळांतल्या मूळ दगडांवर संवत्सराचं नावसुद्धा एकच कोरलंय, विभव. देवळं एकाच वर्षाची आहेत."

"मंग मान कुणाचा?" आबासाहेबांनी विचारलं.

"बरोबरी म्हंजी अपमानच की, पाव्हणं," दादा म्हणाले. साखरपुड्यापासून पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

मी होणाऱ्या नवऱ्याकडं, हर्षलकडं पाहिलं. तो पुण्यात नोकरीला. रोज फोनवर म्हणायचा, म्हाताऱ्यांना भांडू दे, आपण हसू. मला तो मनापासून आवडत होता. आता हा तरी शहाण्यासारखं बोलेल, असं वाटलं. तो पुढं सरकला.

"आबा, महिना बघा की. दगडावर आपला चैत्र हाय, त्येंचा श्रावण."

आबासाहेबांनी लेकाची पाठ थोपटली. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. अंगठी काढून मी हर्षलच्या हातात ठेवली.

"लग्न मोडलं," मी म्हणाले. "आजची तारीख लिहून ठेवा. कुठल्या सनात, ते तुम्ही आपसात ठरवा."