टाकीवरचा पिवळा पट्टा

डेअरीतल्या गरम पाण्याच्या टाकीला नवं आवरण धाकटीच्या देखरेखीखाली बसलं, हे सासूबाईंनी रात्री जेवताना पुन्हा सांगितलं. थोरली मान खाली घालून जेवत राहिली. दोघी सख्ख्या जावा, दोघी डेअरीच्या तापमान विभागात. धाकटीला तिथे थोरलीनेच चिकटवलं होतं. आता विभागप्रमुखाची जागा रिकामी होती आणि साहेब उद्या नाव सांगणार होते.

"ताई, तुम्हालाच मिळणार," सकाळी बसमध्ये धाकटी म्हणाली. "मी काय, कालची पोर."

"कालच्या पोरीचेच गोडवे चाललेत सगळीकडे," थोरली म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

डेअरीत पोचल्यावर तिने उष्णता दाखवणारा कॅमेरा उचलला आणि कोणी न सांगताच टाकीकडे गेली. आत कढत पाणी, मध्ये आवरणाचा जाड थर, बाहेर नवा कोरा चकचकीत स्टीलचा पत्रा. थर नीट बसला असेल तर पत्रा खोलीइतकाच गार हवा. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर, गार म्हणून निळ्या दिसणाऱ्या पत्र्यात एक उभा, अरुंद, पिवळा पट्टा उजळला होता.

म्हणजे सांध्यापाशी आवरण खचलं! थोरलीला इतकं बरं वाटलं की पत्र्याला हात लावून बघायचंही सुचलं नाही. तिने तिथूनच फोन लावला.

"साहेब, नव्या टाकीतून उष्णता बाहेर येतेय. पत्रा कापावा लागेल."

शेजारच्या खोलीत धाकटीने हे ऐकलं. ती धावत आली. आधी पडद्याकडे, मग टाकीकडे, मग थोरलीकडे पाहून हळूच म्हणाली, "ताई, जरा डावीकडे सरकता?"

"कशाला?"

"सरका ना."

थोरली सरकली. पट्टाही सरकला.

चकचकीत स्टील स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, समोरच्याची मात्र परत फेकतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनाही ते आरसाच असतं. टाकीच्या गोलाईने थोरलीच्याच ऊबदार अंगाचं प्रतिबिंब चेपून बारीक केलं होतं. 'चकाकत्या धातूवर आधी किरणं परत न फेकणारी काळी चिकटपट्टी लावायची, मग तिचं तापमान बघायचं,' हे धाकटीला शिकवलं होतं थोरलीनेच.

धाकटीने खिशातून पट्टी काढून पत्र्यावर लावली आणि थोडं थांबली. पडद्यावर पट्टीही निळीच दिसली. आवरण शाबूत होतं.

जिन्यावर पावलं वाजली.

"सांग आता त्यांना," थोरली पुटपुटली. "तुझाच दिवस आहे."

साहेब धापा टाकत आले. "कुठे कापायचंय? माझं काळीज तर जिन्यातच कापलं!"

"कुठेच नाही, साहेब," धाकटी म्हणाली. "गोंधळ माझाच. मीच घाबरून ताईंना फोन करायला लावला. चकचकीत पत्र्यावर कसं फसायला होतं, ते आता त्यांनी दाखवलं."

"वा! म्हणजे मी बरोबरच ठरवलं होतं," साहेब थोरलीकडे वळले. "विभाग तुम्हीच सांभाळा, बाई."

थोरलीने तोंड उघडलं. तोवर साहेब गेलेसुद्धा.

धाकटीने तिचा हात धरला. चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. थोरलीने तो शोधून पाहिला.

"ताई, घरी सासूबाईंना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"तूच सांग," थोरली हात सोडवून घेत म्हणाली. "तू सांगितलेलंच गोड लागतं त्यांना."